हळदीच्या मांडवातला ट्रिगर

तुळशीची लग्नं लागली की ठाण्यातल्या बाळकुमच्या पाड्यांवर मांडव उभे राहू लागतात. आगरी-कोळ्यांकडची हळद म्हणजे लग्नापेक्षा काकणभर सरस कार्य. आत धवलारीण धवले गातेय, बाहेर डीजे दणाणतोय, आणि या गर्दीत फोटोवाल्याने नवऱ्याच्या गालावरची ओली हळद टिपायची. कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा फ्लॅश इथे कुचकामी. समोरून उजेड आला की हळदीचा लेप सपाट पिवळा दिसतो. तोच फ्लॅश दीड-दोन मीटर बाजूला, चेहऱ्यापेक्षा जरा उंच, स्टँडवर लावा. मग लेपात उठलेली बोटं, ओली चकाकी, कानामागे सुकत आलेली कड, सगळं उमटतं.

पण बाजूला गेलेल्या फ्लॅशला 'आता पेट' असं सांगायचं कुणी? पूर्वी वायर होती. नाचत्या मांडवात वायर टाकणं म्हणजे कुणाला तरी पाडणंच. मग निकॉन-कॅननचे प्रकाशाच्या इशाऱ्यावर चालणारे फ्लॅश आले. त्यांना इशारा दिसावा लागे. मध्ये एखादी करवली आली की निरोप तिथेच अडायचा. पॉकेटविझार्डसारखे रेडिओ ट्रिगर बाजारात होते, पण महाग. कॅननने स्वतःच्या फ्लॅशमध्येच रेडिओ बसवला तो 2012 साली, 600ईएक्स-आरटीमध्ये.

आज लग्नाच्या धंद्यात बोलबाला आहे तो शेनझेनच्या गोडॉक्सचा. त्यांचे ट्रिगर 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात. भारतात हा पट्टा कमी ताकदीच्या उपकरणांसाठी 2005 साली परवानामुक्त झाला, त्यामुळे वायफाय आणि ब्लूटूथही तिथेच दाटीवाटीने राहतात. ढोकाळी-कोलशेतच्या टॉवरांतून मजल्यामजल्यावर राउटर लागलेत. शिवाय या लहरी पाणी शोषून घेतं, आणि माणसाचं शरीर बहुतांशी पाणीच. म्हणून खोक्यावर छापलेले 100 मीटर मोकळ्या मैदानातले समजा. फ्लॅश माणसांच्या डोक्यांवर राहील इतका स्टँड उंच करा. निम्मी कटकट तिथेच मिटते.

उरलेली कटकट चॅनेलची. नवरीकडचा फोटोवाला आणि नवऱ्याकडचा, दोघांनीही ट्रिगर खोक्यातून काढून तसाच लावला, तर एकाने बटण दाबलं की दुसऱ्याचा फ्लॅश पेटतो. गोडॉक्सच्या एक्स प्रणालीत 32 चॅनेल आहेत, वर 1 ते 99 पर्यंतचा आयडी. आयडी बदलायला अर्धं मिनिट पुरतं. फ्लॅश अगदी हाताशी असूनही पेटत नसेल, तर मेनूतलं अंतर 0 ते 30 मीटरवर आणा. हे अनेकांना ठाऊक नसतं आणि चांगला ट्रिगर बिघडलेला समजून परत जातो.

आता निवड. लोक आधी फ्लॅश घेतात आणि मग त्याला जुळणारा स्वस्तातला ट्रिगर शोधतात. माझ्या मते उलट करावं. आधी प्रणाली ठरवा, कारण पुढची सगळी खरेदी तिच्याशी बांधली जाते. ट्रिगर मात्र त्याच प्रणालीतला, पण तुमच्या कॅमेऱ्यासाठी बनवलेलाच हवा: कॅननला कॅननसाठीचा, सोनीला सोनीसाठीचा. जोडीदार सोनीवर असेल तर त्याच्यापुरता वेगळा ट्रिगर घ्या. स्टँडवरचे फ्लॅश दोघांना तेच चालतात.

कॅननचा 1500डी, 3000डी किंवा 200डी मार्क 2 वापरत असाल तर सावध. यांच्या हॉट शूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशच्या खाचेत, मधली पिन नाही, त्यामुळे फक्त 'पेट' एवढंच सांगणारे साधे ट्रिगर यांवर मुके. कॅननची भाषा बोलणाराच ट्रिगर लागतो. काकांच्या स्टुडिओतली जुनी फ्लॅश गन जोडायची असेल, तर आधी मल्टिमीटरने तिच्या पिनांवरचा दाब मोजा. विविटार 283 च्या जुन्या गनांमध्ये तो 200 व्होल्टच्या वर निघतो, आणि नाजूक सर्किट जळायला तेवढा पुरून उरतो.

टीटीएल, म्हणजे कॅमेऱ्यानेच फ्लॅशची ताकद ठरवणं, हवंच का? कल्याण-डोंबिवलीच्या हॉलमधल्या रिसेप्शनला जोडपं स्टेजवर उभं, पाहुणे येतात-जातात, अंतर ठरलेलं. तिथे मॅन्युअल फ्लॅश उत्तम. एकदा ताकद लावली की प्रत्येक फोटो सारखा. फक्त ती ताकद कॅमेऱ्याजवळूनच कमी-जास्त करता यायला हवी. हळदीत अंतर क्षणाक्षणाला बदलतं, तिथे टीटीएलचे पैसे वसूल होतात.

भर उन्हात येऊरला जोडप्याचं शूट करणाऱ्याला हाय स्पीड सिंकही हवं. बहुतेक कॅमेऱ्यांत 1/200 ते 1/250 सेकंदापुढे शटरचे दोन्ही पडदे एकाच वेळी पूर्ण उघडे नसतात आणि फोटोत काळा पट्टा येतो. हाय स्पीड सिंकमध्ये फ्लॅश सलग लुकलुकून तो भरून काढतो, पण त्यात फ्लॅशचा जोर बराच खर्ची पडतो. संध्याकाळीच कामं घेणाऱ्याने यासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

खरेदीला फोर्टातल्या बोरा बझारला जाणार असाल, तर स्वतःचा कॅमेरा आणि फ्लॅश घेऊन जा. काउंटरवरच दहा-वीस वेळा पेटवून बघा, आणि बॅटरीचं झाकण नीट बसतंय का तेही तपासा.