वीस गुण नेहमीच वीस नसतात

ब्रिज शिकणाऱ्याला पहिला धडा मिळतो तो गुण मोजण्याचा. एक्क्याचे ४, राजाचे ३, राणीचे २ आणि गुलामाचा १. एका रंगाचे १०, चारही रंगांचे मिळून ४०. ही मोजणी मिल्टन वर्क यांच्या नावाने ओळखली जाते. १९४० च्या दशकाच्या अखेरीस चार्ल्स गोरेन यांनी ती सर्वसामान्य खेळाडूंपर्यंत पोहोचवली. सोपी असल्यामुळेच ती टिकली. मात्र या सोपेपणातच तिची मर्यादाही आहे आणि भक्कम समतोल हाताने बोली सुरू करताना ती विशेष जाणवते.

ज्या हातात एकही रंग रिकामा नाही, कोणत्याही रंगाचे एकुलते एक पान नाही आणि दोनच पाने असलेला रंग फार तर एक आहे, तो समतोल हात. पानांची विभागणी ४-३-३-३, ४-४-३-२ किंवा ५-३-३-२ अशी असते. सर्वाधिक प्रचलित पद्धतीत असा हात १५ ते १७ गुणांचा असल्यास एक नोट्रम्प, म्हणजे बिनहुकुमी डावाची बोली लावतात. १८ किंवा १९ गुण असल्यास आधी एखादा रंग एकच्या पातळीवर बोलून पुढच्या फेरीत दोन नोट्रम्पवर उडी घेतात. २० किंवा २१ गुणांना थेट दोन नोट्रम्प आणि २२ ते २४ गुणांना दोन किलवर बोलून मग दोन नोट्रम्प.

हे टप्पे इतके अरुंद का? कारण पुढचा हिशेब भिडूने करायचा असतो. तीन नोट्रम्पच्या गेमसाठी १३ पैकी ९ दस्त लागतात आणि त्यासाठी दोन्ही हातांत मिळून साधारण २५ गुण असावेत, असा ठोकताळा आहे. आपण दोन नोट्रम्प बोललो, की पाच गुणांचा भिडू गेम गाठतो. आपण एक किलवर बोललो, तर तोच भिडू बहुधा पास म्हणतो. कारण एकच्या पातळीवरील बोलीला उत्तर देण्यासाठी सहा गुण असावेत, असा संकेत आहे. म्हणजे १९ आणि २० यांच्यामधल्या एका गुणावर गेम अवलंबून असतो.

आता हे दोन हात पाहा.

पहिला हात
इस्पिक : राजा, राणी, गुलाम
बदाम : एक्का, राणी, ३
चौकट : राजा, गुलाम, २
किलवर : राजा, गुलाम, ४, २

दुसरा हात
इस्पिक : एक्का, १०, ४
बदाम : एक्का, ६
चौकट : राजा, १०, ५
किलवर : एक्का, राजा, गुलाम, १०, ९

पहिल्यात २० गुण आहेत, दुसऱ्यात १९. केवळ बेरजेवर विसंबणारा खेळाडू पहिल्या हाताने दोन नोट्रम्प बोलेल आणि दुसऱ्याने एक किलवर. भिडूकडे पाच गुणांचा पुढील हात आहे, असे समजू.

भिडूचा हात
इस्पिक : ९, ७, ६
बदाम : राजा, ८, ५, २
चौकट : ८, ४, ३
किलवर : राणी, ६, ३

दुसऱ्या हाताबरोबर किलवरचे पाच, बदामाचे दोन आणि इस्पिकचा एक असे आठ दस्त डाव प्रतिस्पर्ध्यांच्या हाती न देताच मिळतात. चौकटचा एक्का आपल्या उजवीकडच्या खेळाडूकडे असला किंवा प्रतिस्पर्ध्यांनीच चौकटची उतारी केली, की राजाचा नववा दस्त ठरलेला. पहिल्या हाताबरोबर मात्र हक्काचे दस्त बदामाचे तीनच. इस्पिकचे दोन आणि किलवरचे दोन मिळवण्यासाठी आधी त्या रंगांचे एक्के बाहेर काढावे लागतात. तरीही बेरीज सातच होते. उरलेल्या दोन दस्तांसाठी पानांच्या सोयीस्कर वाटणीवर आणि चौकटमधील नशिबावर भिस्त ठेवावी लागते. कमी गुणांचा हात अधिक दस्त देतो, तो असा.

याची कारणे तीन आहेत. पहिले, एक्का हा निर्विवाद दस्त आहे आणि प्रतिस्पर्ध्यांचा रंग रोखण्याची वेळही तो आपल्या हाती ठेवतो. राण्या-गुलामांना त्यासाठी सोबत आणि सवड दोन्ही लागतात. दुसरे, पाच पानांच्या भरीव रंगातील मोठी पाने खेळून झाली, की लहान पानेही दस्त देतात. ४-३-३-३ विभागणीत असा वाव सर्वांत कमी. तिसरे, मोजणीत दश्शीला शून्य गुण असले, तरी राजा किंवा गुलामाच्या जोडीला आलेली दश्शी त्या रंगाला बळ देते. उलट राजा-राणी-गुलाम ही तिन्ही चित्रे लहान पानाशिवाय एकत्र आली, की त्यांचे सहा गुण दोनच दस्त देतात. एडगर कॅप्लन आणि जेफ रुबेन्स यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या मूल्यमापन पद्धतीतही दश्शी, पानांची विभागणी आणि चित्रांची सोबत यांचा विचार केलेला आहे.

तेव्हा गुणांची बेरीज झाली, की आणखी तीन गोष्टी पाहाव्यात. एक्के किती आहेत? पाच पानांचा चांगला रंग आहे का? दश्श्या मोठ्या पानांच्या सोबतीला आहेत का? तिन्ही उत्तरे अनुकूल असतील, तर हाताला एक गुण अधिक द्यावा; तिन्ही प्रतिकूल असतील, तर एक कमी करावा. या न्यायाने दुसरा हात दोन नोट्रम्पचा ठरतो आणि पहिल्याची सुरुवात एक किलवरने होते.

मात्र हा अधिकार एका गुणापुरताच आहे. मन मानेल तसे गुण वाढवत गेल्यास भिडूचा आपल्या बोलीवरचा विश्वास उडतो. आणि एकदा आपला टप्पा सांगून झाला, की तीच ताकद पुन्हा सांगू नये. पुढचा निर्णय भिडूचा.