सहा पानांचा निबंध आणि नोबेल

1993 साली 'फेब्स लेटर्स' या नियतकालिकात मिकी त्सुकादा आणि योशिनोरी ओसुमी यांचा एक शोधनिबंध आला. पानं अवघी सहा. त्सुकादा तेव्हा टोकियो विद्यापीठात ओसुमींच्या प्रयोगशाळेत शिकत होत्या. नियतकालिक चांगलं होतं, पण 'नेचर' किंवा 'सेल'मध्ये छापून आल्यावर जो रुबाब मिळतो तो त्यात नव्हता. 2016 साली ओसुमींना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, तेही एकट्याला. त्याच्या मुळाशी जे मोजके निबंध होते, त्यांत हा एक होता.

विषय होता ऑटोफॅजी. पेशी स्वतःचेच जुने, निकामी भाग पडद्यात गुंडाळते, पचवते आणि त्यातून मिळालेला माल पुन्हा वापरते. हे नाव ख्रिस्तियां द द्यूव यांनी 1963 मध्येच दिलं होतं. पण ही क्रिया कोणती जनुकं घडवून आणतात, याचा थांगपत्ता पुढची तीस वर्षं लागला नाही. ओसुमींनी 1988 मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, स्वतःची छोटी प्रयोगशाळा थाटली आणि यीस्टच्या पेशीतली रिक्तिका अभ्यासायला घेतली. रिक्तिका म्हणजे पेशीची कचराकुंडी, असं तेव्हा बहुतेकांचं मत होतं. तिच्या वाटेला फारसं कुणी जात नव्हतं. ओसुमींना नेमकं तेच आवडलं. गर्दीत धावाधाव करण्याचा त्यांचा पिंडच नाही.

त्यांची युक्ती साधी होती. रिक्तिकेतली पचवणारी एन्झाइम नसलेलं यीस्ट घ्यायचं आणि त्याला उपाशी ठेवायचं. ऑटोफॅजी होत असेल तर गिळलेला माल पचणार नाही, रिक्तिकेत साठत जाईल. झालंही तसंच. थोड्याच तासांत रिक्तिका बारीक गोल पिशव्यांनी भरून गेली. त्या पिशव्या आत सारख्या थरथरत, भिरभिरत होत्या. हे सगळं साध्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाखाली दिसत होतं!

पुढचं काम चिकाटीचं होतं. त्सुकादांनी यीस्टमध्ये उत्परिवर्तनं घडवली आणि पिशव्या साठत नाहीत असा एक वाण सूक्ष्मदर्शकाखाली शोधून काढला. हा वाण उपासमारीत लवकर मरतो, असं लक्षात आलं. मग तोच धागा पकडून उपासमारीत तग न धरणारे सुमारे 2,700 वाण तपासले, त्यांतले 75 ऑटोफॅजीत नापास ठरले. हिशोब मांडल्यावर निघाली पंधरा जनुकं. यीस्टमधल्या ऑटोफॅजीची मुख्य यंत्रणा बहुतांशी या पंधरांतच होती.

आता ओसुमींचा त्या काळातला बायोडेटा आजच्या निवड समितीपुढे ठेवून पाहा. शोधनिबंधाचं वजन हल्ली सायटेशनवर ठरतं, म्हणजे नंतरच्या किती निबंधांनी त्याचा संदर्भ दिला यावर. ही मोजदाद यूजीन गारफिल्ड यांनी 1960च्या दशकात फिलाडेल्फियात सुरू केली. 2005 मध्ये होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने एच-इंडेक्स आणला. किमान वीस सायटेशन मिळालेले वीस निबंध नावावर असतील, तर एच-इंडेक्स वीस. पण संदर्भ द्यायला त्या विषयात माणसं तर हवीत! ओसुमींनीच नोबेलनंतर सांगितलं की, त्यांनी काम सुरू केलं तेव्हा ऑटोफॅजीवर वर्षाला जेमतेम वीसेक निबंध निघत. आता पाच हजारांवर निघतात.

चित्र पालटलं ते नव्वदीच्या अखेरीस. तीच यंत्रणा माणसाच्या पेशीतही आहे हे दिसलं. 1999 मध्ये बेथ लेव्हिन यांच्या गटाने ऑटोफॅजीच्या एका जनुकाचा संबंध स्तनाच्या कर्करोगाशी जोडला. 2000 मध्ये तामोत्सु योशिमोरी आणि ओसुमी यांच्या गटाने एलसी3 हे प्रथिन ऑटोफॅजीची खूण म्हणून पुढे आणलं. आता कुणालाही आपल्या पेशीत ऑटोफॅजी तपासता येऊ लागली आणि सायटेशनचा नुसता पाऊस पडला. 2013 मध्ये थॉमसन रॉयटर्सने सायटेशनच्या आधारे नोबेलचे संभाव्य मानकरी जाहीर केले, त्यांत नोबोरु मिझुशिमा आणि डॅनियल क्लिओन्स्की यांच्यासोबत ओसुमी होते. तेव्हा आकडे अगदीच कुचकामी असतात असं मी म्हणणार नाही. ते उशिरा जागे होतात, इतकंच. आणि नोकरीची, अनुदानाची गरज असते ती नेमकी त्याआधी.

शिवाय सायटेशनच्या आकड्यांचा कल उपयोगाच्या वस्तूकडे असतो. 'नेचर'ने 2014 मध्ये जगातले सर्वाधिक सायटेशनचे निबंध काढले, तर पहिला आला ऑलिव्हर लाउरी यांचा 1951चा: द्रावणात प्रथिन किती आहे ते कसं मोजावं. सायटेशन तीन लाखांच्या वर! पद्धत उत्तमच, पण तिने विज्ञानाची दिशा बदलली असं कुणी म्हणत नाही. ऑटोफॅजी मोजायची कशी यावरच्या मार्गदर्शक निबंधालाही अशीच मागणी आहे. त्याच्या अलीकडच्या आवृत्त्यांवर दोन हजारांहून अधिक लेखकांची नावं आहेत. त्या प्रत्येकाच्या खात्यात ती सगळी सायटेशन जमा होतात.

या मोजमापाविरुद्ध पहिला मोठा आवाज उठवला तोही पेशीशास्त्रज्ञांनीच. डिसेंबर 2012 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अमेरिकन सोसायटी फॉर सेल बायॉलॉजीच्या अधिवेशनात 'डोरा' जाहीरनामा आकाराला आला. नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून, म्हणजे त्यातल्या निबंधांना सरासरी किती सायटेशन मिळतात यावरून, माणसाचं मोल करू नका, ही त्याची मागणी. पुढच्याच वर्षी पेशीशास्त्रज्ञ रँडी शेकमन यांनी नोबेल घेताना जाहीर केलं की, 'नेचर', 'सेल' आणि 'सायन्स'ला आपली प्रयोगशाळा यापुढे निबंध पाठवणार नाही. नोबेल पदरात पडल्यावर असं बोलणं सोपं, हा टोमणा त्यांना ऐकावा लागला, आणि तो काही अगदीच गैरलागू नव्हता.

आपल्याकडे यूजीसीने 2010 पासून प्राध्यापकांच्या बढतीला शोधनिबंधांचे गुण जोडले, तशी पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं फोफावली. त्यांना चाळणी लावायला 'केअर' यादी आली, तिचं काम पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातून चाले. 2025 मध्ये यूजीसीने ती यादीही बंद केली आणि नियतकालिकाची पारख विद्यापीठांवरच सोपवली. तेव्हा निवड समितीवर बसणाऱ्यांना एकच विनंती आहे: उमेदवाराचे दोन निबंध आधी मागवून घ्या आणि मुलाखतीपूर्वी स्वतः वाचा.