नगर जिल्ह्याचें साखरेचें अर्थकारण

एखाद्या प्रदेशाची संपत्ति कशावर उभी आहे, असा प्रश्न निघाला कीं तेथें पिकतें काय आणि कारखाने किती आहेत, याची मोजदाद आपण करूं लागतों. अहमदनगर जिल्ह्यासंबंधानें (२०२४ सालापासून त्याचें नांव अहिल्यानगर झालें आहे) पहिला प्रश्न निराळा विचारावा लागतो. पाणी कोठें पडतें, आणि तें कोठें नेलें जातें?

अकोले तालुक्यांत सह्याद्रीच्या माथ्यावर शंभर-दीडशें इंचांहूनहि अधिक पाऊस कोसळतो. तेथून पूर्वेस साठ-सत्तर मैल गेलें म्हणजे वीस-बावीस इंचांवर समाधान मानावें लागतें, आणि तेवढा तरी दर वर्षीं येईल याचा भरंवसा नाहीं. १४९० सालीं मलिक अहमदानें निजामशाही स्थापिली व पुढें हें नगर वसविलें, तेव्हांपासून शहराचा लौकिक मोठा. विणकामाचा धंदाहि तेथें दीर्घकाळ नांदला. परंतु राजधानीचें वैभव निराळें आणि कुणब्याच्या घरांतील कणगी निराळी.

१८१८ सालीं इंग्रजी अंमल आला. सारा रोखीनें भरावयाचा आणि पीक तर आभाळाच्या हातीं. मधलें अंतर सावकारानें भरून काढलें. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें असतां आपल्या कापसास सोन्याचा भाव आला, तेव्हां कर्ज मिळणें सोपें झालें. युद्ध संपलें, भाव उतरले, साऱ्याची आकारणी मात्र वाढली. मग १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें दंगा उसळला आणि त्याचे लोण पारनेर, श्रीगोंदें, कर्जत, नगर या तालुक्यांत पोंचलें. या दंग्यांत ध्यानांत ठेवण्यासारखी गोष्ट अशी, कीं जमावाचा रोख सावकाराच्या जिवावर सहसा नव्हता. त्यांस हवीं होतीं खतें आणि रोखे. ते हातीं आले कीं होळी करून लोक घरीं जात. १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांस कर्जापासून संरक्षण देणारा कायदा झाला. तोंवर १८७६ चा दुष्काळ येऊन आपलें काम करून गेला होता.

पाटबंधाऱ्यांच्या विचारास या दुष्काळानें जोर आला. भंडारदऱ्याचें धरण १९१० सालीं हातीं घेण्यांत आलें आणि १९२६ सालीं पुरें झालें. तेथील पाणी प्रवरेच्या पात्रांतून ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत येतें आणि तेथून दोहों बाजूंच्या कालव्यांनीं खालच्या सपाटीवर जातें. कोपरगांवाकडे गोदावरीचे कालवे त्यापूर्वींच आले होते. हेतु होता ज्वारी-बाजरी जगविण्याचा. पण ज्वारी पिकविणारा शेतकरी मोठा हिशेबी! पाऊस बरा झाला कीं तो पाटाकडे ढुंकून पाहीना. पाऊस हुकला कीं सगळे एकदम पाणी मागूं लागत. सरकारचा खर्च अशानें निघेना. तेव्हां बारा महिने पाणी पिणारें आणि पाणीपट्टी देऊं शकणारें पीक हवें होतें, आणि तें म्हणजे ऊंस. विश्वेश्वरय्यांची ‘ब्लॉक’ पद्धति, म्हणजे ठराविक क्षेत्रास ठराविक वर्षें पाण्याची हमी देऊन त्याच्या कांहीं भागांतच ऊंस लावूं देण्याची व्यवस्था, याच अडचणीवरचा उतारा होय. दुष्काळी प्रदेशांत अतिशय तहानलेलें पीक कसें आलें, या कोड्याचें उत्तर बव्हंशीं येथें आहे.

तथापि ऊंस लावण्यास भांडवल लागतें, खत लागतें. स्थानिक शेतकऱ्यापाशीं तें नव्हतें. सासवडकडील उद्योगी माळी आले, त्यांनीं जमिनी खंडानें घेतल्या व गूळ केला. पुढें जागतिक मंदींत गुळाचे भाव कोसळले; १९३२ सालीं साखरधंद्यास जकातीचें संरक्षण मिळालें, आणि खासगी साखर कंपन्यांस चांगले दिवस आले. बेलापूर कंपनीचा हरिगांवचा कारखाना तर त्याआधींपासूनच चालूं होता. जमिनीचा धनी आपल्याच शेताचा खंड घेऊन बांधावर बसला! या खंडकरी शेतकऱ्यांच्या जमिनी १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतर शेती महामंडळाकडे गेल्या, आणि त्या परत मिळविण्याचा लढा एकविसाव्या शतकापर्यंत चालला.

या पार्श्वभूमीवर लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांचें कार्य पाहावें. १९२३ सालीं त्यांनीं गांवची पतपेढी काढली. तिच्यांतून अंगीं आलेल्या विश्वासावर साखर कारखान्याचा विचार उभा राहिला. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष झाले, वैकुंठभाई मेहतांचें साहाय्य लाभलें. शेतकऱ्यांनीं भाग घेतले आणि १९५०-५१ च्या हंगामांत प्रवरेच्या सहकारी कारखान्याचें गाळप सुरू झालें. तुर्कस्थानाचा दाखला येथें उद्बोधक आहे. भंडारदरा ज्या वर्षीं पुरें झालें त्याच १९२६ सालीं तेथें अल्पुल्लू व उशाक येथें बीटाच्या साखरेचे कारखाने निघाले. परंतु १९३५ मध्यें ते एका मध्यवर्ती कंपनीखालीं आणण्यांत आले आणि धंद्यावर सरकारची पकड बसली. आपल्याकडेहि सरकारनें भागभांडवल दिलें, कर्जास हमी दिली. मालकी मात्र ऊंस पिकविणाराकडे राहिली. खतें जाळणाऱ्या जिल्ह्यांतील शेतकरी दोन-तीन पिढ्यांत कारखान्याचा भागीदार झाला, ही गोष्ट लहान नव्हे. मागाहून राहुरी, संगमनेर, कोपरगांव, नेवासें, श्रीगोंदें इकडेहि कारखाने उभे राहिले, आणि त्यांच्या आधारानें शाळा, दवाखाने, दूधसंघ निघाले.

शंभर टन उंसांतून सुमारें दहा-अकरा टन साखर निघते. चोयटी जाळून वाफ व वीज होते, मळीपासून मद्यार्क. हिशेब असा चोख दिसतो. पण ऊंस तोडतो कोण?

पाथर्डी तालुका याच जिल्ह्यांत आहे. पाट तेथें फारसा पोंचला नाहीं. दिवाळी आटोपली कीं तेथील आणि शेजारच्या बीड जिल्ह्यांतील कुटुंबें बिऱ्हाड पाठीशीं बांधून कारखान्यांच्या वाटेला लागतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. मुकादम हंगामापूर्वींच त्यांस ‘उचल’ देतो आणि ती फिटेपर्यंत कोयता त्याचा बांधलेला. पाचटाच्या कोपींत सहा महिने, मुलांची शाळा अर्धी. पावसानें दगा दिला म्हणून आगाऊ पैसा घ्यावा आणि तो अंगमेहनतीनें फेडीत राहावें, हा व्यवहार १८७५ च्या पारनेरकराला अनोळखी वाटला नसता. माझ्या मतें या अर्थव्यवस्थेची खरी घडण येथें दिसते. उंसाच्या एका टोंकास भागधारक आहे, दुसऱ्या टोंकास कोयता. आणि कारखान्याच्या सभेंत मत आहे तें पहिल्याला.

पाण्याचा तंटाहि तसाच खालीं सरकला आहे. १९७६ सालीं पैठणास जायकवाडी झालें आणि वरच्या धरणांतील पाण्यावर मराठवाड्याचा हक्क उभा राहिला. २००५ च्या कायद्यानें खोऱ्यांतील तूट समन्यायानें वांटून घ्यावी असें ठरविलें. तेव्हांपासून टंचाईच्या वर्षीं भंडारदरा, मुळा येथून पाणी सोडावें कीं न सोडावें, यावर मोर्चे निघतात, न्यायालयांत दावे चालतात. ऊसतोड कामगारांकरितांहि आतां गोपीनाथ मुंडे यांच्या नांवें महामंडळ झालें आहे, आणि गाळलेल्या टनामागें दहा रुपये कारखान्यांनीं त्याकडे भरावयाचे आहेत. दरम्यान तोडणीचीं यंत्रें फडांत उतरूं लागलीं आहेत. एक यंत्र कित्येक कोयत्यांचें काम करतें, आणि त्याला उचल द्यावी लागत नाहीं.