वीज वाहणारें प्लास्टिक

विजेच्या तारेवर प्लास्टिकचें वेष्टन कां असतें, हें शाळकरी मूलहि सांगेल: प्लास्टिकमधून वीज वाहत नाहीं. या समजाला टोकियोंतील एका चुकीनें धक्का दिला. १९६७ सालीं शिराकावा यांच्या प्रयोगशाळेंत उत्प्रेरक हजारपट पडला, आणि अॅसिटिलीन वायूपासून नेहमींच्या काळ्या भुकटीऐवजीं चंदेरी पापुद्रा हातीं आला. पुढें १९७७ सालीं अमेरिकेंत मॅकडायर्मिड व हीगर यांच्यासह त्यांनीं त्यास आयोडीनची वाफ दिली. वाहकता कोट्यवधि पटींनीं वाढली!

त्या पापुद्र्यांतील कार्बनच्या सांखळींत एकेरी व दुहेरी बंध आळीपाळीनें असतात. आयोडीन तेथील कांहीं इलेक्ट्रॉन ओढून घेतें. गच्च भरलेल्या नाटकगृहांत चार खुर्च्या रिकाम्या झाल्या कीं प्रेक्षकांस सरकतां येतें, तसें उरलेल्या इलेक्ट्रॉनांचें होतें.

२००० सालीं तिघांस नोबेल पारितोषिक मिळालें. मात्र तो पापुद्रा हवेंत लवकर खराब होतो. तांब्याची जागा त्यानें घेतली नाहीं. त्याच्या भावंडांचें नशीब बरें निघालें. १९९० सालीं केंब्रिज येथें अशाच एका पदार्थानें, वीज देतांच, पिवळट हिरवा प्रकाश दिला. आतां अशा पदार्थांची शाई करून सौर घट छापतांहि येतात. ते छपरावर ऊन-पावसांत किती वर्षें टिकतात, यावर पुढचें सारें अवलंबून आहे.