आणखी आठ रोज

रथसप्तमी झाली की आमच्या घरात दर वर्षी एक वाद होतो. अंगणात शेणीच्या विस्तवावर बोळक्यातले दूध उतू गेले, सूर्यनारायणाचा रथ वळला, आता ऊन तिळातिळाने वाढणार; तेव्हा गोधड्या धुऊन, डांबरगोळ्या घालून ट्रंकेत ठेवून द्याव्यात, असे माझे म्हणणे. पत्नी म्हणते, ‘शिवरात्र होऊ द्या. थंडी शिव शिव म्हणत जाते तेव्हाच खरी जाते.’ इतक्या वर्षांत हा वाद मी एकदाच जिंकलो, आणि त्याच वर्षी पस्तावलो. ते वर्ष होते १९८८, आणि गाव होते करमाड.

औरंगाबादहून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरहून, जालन्याच्या रस्त्याने निघाले की वीसेक किलोमीटरवर करमाड लागते. आज त्या बाजूला कारखान्यांच्या रांगा आहेत. तेव्हा रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेते होती, आणि मनमाडकडून येणारी मीटरगेजची गाडी रात्री शीळ घालत गेली की सगळ्या शिवारात तेवढाच आवाज असे. बँकेत शेतीकर्जाचे काम पाहणारा अधिकारी म्हणून माझी तिथे बदली झाली होती. एका दुकानामागची पत्र्याची खोली भाड्याने घेतली होती. मुलगी दहा महिन्यांची होती.

जानेवारीच्या अखेरीस रथसप्तमी झाली. दोन-चार दिवस चांगले ऊन पडले. मी हट्टाने गोधड्या धुवायला लावल्या आणि ट्रंकेला कुलूप घातले. फेब्रुवारी लागला आणि थंडी परत आली. संध्याकाळीच वारा फिरला, आभाळ धुतल्यासारखे स्वच्छ झाले आणि रात्री पत्र्यावरून गारठा खाली उतरू लागला. मध्यरात्री मुलगी खोकत उठली. कंदिलाच्या उजेडात ट्रंकेची किल्ली शोधताना पत्नी एक अक्षर बोलली नाही. त्या न बोलण्याचा अर्थ विवाहित वाचकांना सांगायला नको.

थंडीचा हा शेवटचा टप्पा फसवा असतो. पौषात माणूस तयारीत असतो. संक्रांतीचा तीळगूळ, भोगीची बाजरीची तीळ लावलेली भाकरी, आगटीवर भाजलेला हुरडा; त्या दिवसांत गारठ्याचेसुद्धा कौतुक होते. माघ निम्मा सरला की हे कौतुक संपते. ओठ फुटलेले असतात, टाचांना भेगा पडलेल्या असतात. दुपारी सदरा अंगाला चिकटतो आणि पहाटे दात वाजतात. थंडी जास्त असते असे नव्हे, आपली सोसण्याची शिल्लक संपलेली असते.

बँकेतल्या माणसाची तर आणखीच. फेब्रुवारी म्हणजे मार्चअखेरची चाहूल. थकबाकीच्या याद्या निघतात, वरून फोन येतात, आणि तरुण अधिकारी मोटारसायकलला लाथ मारून वसुलीला निघतात. मीही निघत असे. माझ्या यादीत एक खातेदार होते. गाव त्यांना नाना म्हणे, मीही नानाच म्हणतो. पीककर्जाचा एक हप्ता थकलेला. मी तीनदा त्यांच्या वस्तीवर गेलो, तिन्ही वेळा दिवसा. तिन्ही वेळा सुनेने पदर सावरत दारातूनच सांगितले, ‘मामंजी निजलेत.’ दुपारी अकरा वाजता धडधाकट शेतकरी निजतो? मी शाखेत परतलो आणि फाइलीवर शाईने शेरा मारला: ‘खातेदार भेट टाळतो.’ त्या शेऱ्यावरून नोटीस तयार झाली.

चौथ्या वेळी मी ठरवले, पहाटेच गाठायचे. पौर्णिमा होऊन तीन-चार दिवस झाले होते, चंद्र पश्चिमेला होता. पाच वाजता मोटारसायकल काढली तेव्हा हँडल धरवत नव्हते. वस्तीवर नाना नव्हतेच. सून म्हणाली, ‘गव्हात हायेत. लाइट रातचीच ऱ्हाती ना ह्या हप्त्यात.’

गव्हात गेलो. विहिरीवर मोटार घरघरत होती. दूर एक कंदील बांधावर ठेवलेला, आणि चांदण्यात एक माणूस धोतर गुडघ्याच्या वर खोचून, हातात फावडे घेऊन पाण्यात उभा. एक सारा भरला की दारे मोडायचे आणि पाणी पुढच्या साऱ्यात घ्यायचे. रात्री दहापासून त्यांचे हेच चालले होते. आठवडाभर रोज रात्री हेच, आणि दिवसा झोप. सुनेने तिन्ही वेळा खरे तेच सांगितले होते.

मला पाहून नाना बांधावर आले. मी थरथरत होतो. त्यांनी कंदिलाशेजारी ठेवलेले घोंगडे उचलले, माझ्या खांद्यावर टाकले आणि मला विहिरीपाशी नेले. ‘साहेब, हात धरा पाण्यात.’ पाइपाच्या तोंडाशी पाणी चक्क कोमट होते, वाफा निघत होत्या. भुईच्या पोटातले पाणी हिवाळ्यातही आपली ऊब राखून असते. तेच पाणी पाटाने दूरच्या साऱ्यात पोहोचेपर्यंत सुरीसारखे होते, आणि नाना उभे होते ते त्या टोकाला.

मी काही तरी बोलायचे म्हणून म्हणालो, ‘नाना, ही थंडी जायची तरी कधी?’

ते घाईघाईने म्हणाले, ‘असं म्हनू नगा साहेब. आनखी आठ रोज ऱ्हाऊ द्या तिला. गहू दुधात हाये. दाना भरू द्या.’

त्या वाक्याचा अर्थ मला कृषी पदवीच्या पुस्तकातून माहीत होता. नोव्हेंबरच्या मध्याला पेरलेला गहू ऐंशी-पंच्याऐंशी दिवसांनी दुधाळ अवस्थेत येतो. त्या वेळी त्याला पाण्याची एक पाळी चुकवून चालत नाही. त्याच वेळी गारवा टिकला तर दाणा सावकाश आणि टपोरा भरतो. एकाएकी ऊन तापले तर पीक घाईने पिकते आणि दाणा चिमतो. थंड रात्री ओली जमीन ऊब धरून ठेवते, म्हणूनही पाणी हवे. हे सगळे मी परीक्षेत लिहिले होते. पण ज्याच्या पायांना थंडी सर्वांत जास्त बोचते, तोच ती राहावी म्हणून देवाला विनवतो, हे मला कोणी शिकवले नव्हते.

मराठवाड्याला समुद्राची ऊब नाही. इथली जमीन दिवसभर तापते आणि निरभ्र आभाळाखाली रात्रभर आपली उष्णता सोडत राहते. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ हिमालयात बर्फ टाकून पुढे सरकले की उत्तरेचे कोरडे वारे मोकळे सुटतात आणि थेट आपल्या काळ्या रानात येतात. मुंबईकर आजही २२ जानेवारी १९६२ ची आठवण काढतात, कारण त्या दिवशी तिथे पारा ७.४ अंशांवर आला होता. आमच्याकडे २०१८ च्या डिसेंबरअखेरीस परभणीत तो तीन अंशांपर्यंत उतरला आणि निफाडला दोन अंशांच्याही खाली गेला. हे मोजमाप जमिनीपासून चार-पाच फूट उंचावरच्या पेटीत होते. पिकाच्या पात्यापाशी आणि उघड्या पावलापाशी गारठा त्याहून जास्त असतो. म्हणूनच पारा शून्याच्या वर असतानाही पात्यावर दव गोठलेले दिसते.

शेतकऱ्यांतही या थंडीबद्दल एकमत नाही. गहू-हरभऱ्याला ती हवी. द्राक्षवाल्याला मात्र ती नको. कडाक्याच्या थंडीत मण्यांची फुगवण थांबते, साखर भरत नाही, मणी तडकतात. त्यामुळे निफाडकडचे बागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवून धूर करतात. एकाच रात्री एक जण थंडी टिकावी म्हणून जागतो आणि दुसरा ती हटावी म्हणून.

आणि ती नीट, शांतपणे जाईल याची खात्रीही नसते. २०१४ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाड्यात आणि विदर्भात गारपीट झाली. जाणारी थंड हवा आणि बंगालच्या उपसागराकडून आलेली दमट हवा यांची गाठ पडली आणि आभाळातून बर्फ कोसळले. काढणीला आलेला गहू आणि हरभरा आडवा झाला, मोसंबीच्या फांद्या उघड्या पडल्या, कोंबड्या-शेळ्या मेल्या. ज्यांनी हिवाळाभर रात्री जागून पाणी दिले होते, त्यांच्या शेतात गारांचा पांढरा थर साचला होता. मी तेव्हा सेवेत होतो. त्या दिवसांत मला नानांचे ‘आठ रोज’ सारखे आठवत होते.

त्या पहाटेनंतर शाखेत जाऊन मी पहिले काम केले ते नोटीस थांबवण्याचे. पण ती आदल्याच दिवशी टपालात पडली होती. मी फाइलीवर जुन्या शेऱ्याखाली लिहिले, ‘खातेदार रात्री पाणी देतात. भेट पहाटे घ्यावी.’ वरचा शेरा खोडायचे धैर्य मात्र झाले नाही. शाईचे लिहिलेले खोडले तर तपासणीत विचारतात.

आठ दिवसांनी नाना शाखेत आले. धुतलेले धोतर, टोपी, आणि घडी घातलेला तो कागद. माझ्या टेबलासमोर उभे राहून म्हणाले, ‘साहेब, ह्यात काय लिवलंय, वाचून दावा.’ मी वाचू लागलो. थकबाकीची रक्कम वाचली, व्याज वाचले, मुदत वाचली. मधे एक वाक्य होते, ‘वारंवार भेट देऊनही आपण भेट टाळत आहात.’ ते मी गाळले. नानांनी शांतपणे ऐकून घेतले, ‘गहू निघाला की भरतो’ म्हणाले आणि गेले. आणि खरोखरच भरले. मी त्यांना कधी काही बोललो नाही. पुढे माझी बदली झाली.

यंदा माघात मी करमाडला जाऊन आलो. नाना बऱ्याच वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या मुलाची साठी झाली आहे. शेताचा मोठा तुकडा औद्योगिक वसाहतीसाठी गेला. नातू शेंद्र्याच्या एका कारखान्यात पाळीवर जातो आणि पहाटे पाचला फाट्यावर कान बांधून बसची वाट पाहतो. उरलेल्या दीड एकरात गहू आहे. मोबाइलवरून मोटार चालू होते, पण दारे मोडायला माणूसच लागतो, आणि आता बिबट्याचीही धास्ती असते. लाइट अजून एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री. वैजापूर तालुक्यात धोंदलगावला २०२४ मध्ये सौर प्रकल्प सुरू झाला आणि तिथल्या शेतकऱ्यांना दिवसा वीज मिळू लागली. ‘आमच्याकडंबी यील म्हनत्यात,’ ते म्हणाले. येवो. काही गारठा निसर्गाचा असतो आणि काही माणसाच्या वेळापत्रकाचा. दुसरा नक्की कमी करता येतो.

चहा घेताना मी धीर करून त्यांना त्या नोटिशीची गोष्ट सांगितली. गाळलेल्या वाक्यासकट. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘मला ठावं हाये ते. तुमच्याकडं यायच्या आधी नानाला ती नोटीस मीच वाचून दावली होती. सगळी.’

‘मग त्यांनी मला पुन्हा का वाचायला लावली?’

‘ते काय मला म्हाईत न्हाई. घरी येऊन यवढंच म्हनले, साहेबानं तेवढं वाक्य वाचलं न्हाई.’

निघालो तेव्हा ऊन उतरले होते. वारा पुन्हा उत्तरेकडून सुटला होता आणि गव्हाच्या ओंब्या अजून हिरव्या होत्या. घरी पत्नीने विचारले, ‘काय, ठेवायच्या का गोधड्या?’ मी म्हटले, ‘राहू दे. आणखी आठ रोज.’