पापड लाटून आमवात होतो का?

पेणमध्ये पापड लाटणाऱ्या एखाद्या बाईची बोटं सुजली की निदान घरातच होतं: उभा जन्म पोळपाटापुढे गेला, दुसरं काय होणार! रोह्यात दोष जातो कुंडलिकेकाठच्या ओलीला, नाहीतर आमसुलाच्या साराला. तिघांवरचा आळ खोटा आहे.

कामाने झिजलेले सांधे दिवस कलताना ठणकतात, नखांजवळची पेरं जाड होतात. आमवाताचं उलटं. सकाळी तासभर मूठच वळत नाही. मनगटं आणि बोटांची मुळं सुजतात, तीही बहुधा दोन्ही हातांची. ओलीचं म्हणाल, तर पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला 1996 मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने घरोघर पाहणी सुरू केली. तिथे रोह्याच्या पाव हिस्साही पाऊस पडत नाही, तरी साधारण 200 प्रौढांमागे एकाला आमवात निघाला. पावसाळ्यात दुखणं वाढल्यासारखं वाटतं, ते मी नाकारत नाही. पण ठणका वाढणं वेगळं आणि रोग जडणं वेगळं.

मग बिघडतं कुठे? आपल्या काही पेशी प्रथिनांचे तुकडे ‘एचएलए’ नावाच्या खोबणीत धरून पहाऱ्यावरच्या टी-पेशींना दाखवतात. खोबणीचा घाट आईवडिलांकडून येतो. आमवाताच्या बऱ्याच रुग्णांत तिच्या डीआरबी-1 जनुकाच्या प्रकारांमध्ये एक छोटासा भाग सारखाच असतो, हे 1987 मध्ये मांडलं गेलं. विडी-सिगारेटच्या धुराने फुप्फुसात, किंवा दुखऱ्या हिरड्यांत, प्रथिनांमधल्या आर्जिनिनचं सिट्रुलिन होतं. असा बदललेला तुकडा त्या खोबणीत नीट बसतो आणि पहारेकरी घरच्याच माणसाला चोर समजतो. बी-पेशी प्रतिपिंडं बनवू लागतात, कधी सांधा दुखण्याच्या कित्येक वर्षं आधी. पुढे टीएनएफ, आयएल-6 ही रसायनं सांध्याचं अस्तर सुजवतात आणि तेच अस्तर हाड कुरतडतं.

म्हणजे ‘प्रतिकारशक्ती कमी पडली’ हे म्हणणंच उफराटं. ती इथे चुकीच्या दारावर लाठ्या मारते आहे.

‘आईला होता, आता मला होणार’ ही धास्तीही अर्धीच खरी. एकसारख्या जुळ्यांची जनुकं सारखीच, तरी एकाला आमवात असला तर दुसऱ्याला तो साधारण 15 टक्के वेळाच आढळतो. ‘आरए फॅक्टर’चा अहवाल पॉझिटिव्ह आला म्हणूनही घाबरू नये, तो निरोगी म्हाताऱ्यांतही येतो. अँटी-सीसीपी चाचणी जास्त नेमकी.

आमवातावर दिल्या जाणाऱ्या मेथोट्रेक्सेटला लोक ‘कॅन्सरची गोळी’ म्हणून भितात. आमवातात तिचा डोस त्यामानाने फारच कमी, आणि आठवड्यातून एकदाच. ही गोळी चुकून रोज घेतली गेली तर मात्र जिवावर बेततं, म्हणून वार ठरवून भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवावी.