एक धर्म, अनेक पंथ

विद्यार्थी मित्रांनो, नवापूरकडे जाताना तुम्ही चर्च पाहिले असेल. सर्व ख्रिस्ती लोक येशू ख्रिस्तांना मानतात, बायबल वाचतात. मग त्यांच्यात वेगवेगळे पंथ का?

इ.स. १०५४ मध्ये पोपच्या अधिकारावरून व इतर मतभेदांमुळे रोमचे कॅथलिक आणि पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स वेगळे झाले. १५१७ मध्ये जर्मनीत मार्टिन ल्यूथर यांनी पापमुक्तीच्या पत्रांच्या विक्रीला विरोध केला. पुढे ते म्हणू लागले, की धर्मात बायबलचा शब्दच अखेरचा. त्यांच्या चळवळीतून प्रोटेस्टंट पंथ निघाला. त्यातही मतभेद झाले. बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने दीक्षा, तान्ह्या बाळाला द्यावा, असे अनेकांचे मत. बाप्टिस्ट म्हणत, माणसाने स्वतः समजून श्रद्धा ठेवल्यावरच तो द्यावा.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी आपल्या नागपुरात सहा प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र आल्या आणि 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झाले. त्यांनी दोन्ही पद्धती मान्य केल्या. कोणती निवडायची, ते आईवडिलांनी ठरवावे.

आपल्यातही खानदेशात बहुतेक हनफी, तर कोकणात बहुतेक शाफई आहेत. नमाजेत हात बांधण्याची रीत थोडी वेगळी, पण किब्ला एकच. म्हणून मित्रांनो, दुसऱ्याचे मत खोडण्याआधी ते नीट समजून घ्या.